साठीनंतरचा व्यायाम आणि शरीरातली हार्मोन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्येष्ठ स्त्रियांच्या व्यायामवर्गात आणि वर्गाबाहेर फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न आज्यांनी स्वतः विचारलेले, काही त्यांच्या लेकी-सुनांनी पाठवलेले. प्रत्येक उत्तर वेगळं वाचलं तरी चालेल. दुसऱ्या उत्तराशी संबंध असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. गोळ्यांचा डोस ठरवणं हे तुमच्या डॉक्टरांचं काम आहे, त्यामुळे इथलं वाचून औषध परस्पर कमी-जास्त करू नका.

१. चयापचयाची हार्मोन्स म्हणजे नेमकी कोणती? इतकी नावं लक्षात कशी ठेवायची?

खाल्लेलं अन्न लगेच वापरायचं, साठवायचं की साठ्यातून बाहेर काढायचं, हे ज्या रासायनिक निरोपांवर ठरतं ती ही हार्मोन्स, म्हणजे संप्रेरकं. इन्सुलिन स्वादुपिंडातून येतं आणि रक्तातली साखर पेशींत पोचवतं. ग्लुकागॉन त्याच्या उलट काम करतं, यकृतातली साखर रक्तात सोडायला लावतं. लेप्टिन चरबीच्या पेशींतून निघतं आणि ‘साठा पुरेसा आहे’ असं मेंदूला कळवतं. अ‍ॅडिपोनेक्टिनही चरबीतूनच येतं, ते इन्सुलिनला मदत करतं, पण पोटातली चरबी वाढली की त्याचं प्रमाण घटतं. घ्रेलिन जठरातून येतं आणि भूक लावतं. आतड्यातलं जीएलपी-१ जेवणानंतर इन्सुलिन वाढवतं आणि पोट भरल्याची जाणीव देतं. शिवाय थायरॉइड, कॉर्टिसॉल आणि इस्ट्रोजेन आहेतच.

सगळी नावं पाठ करायची गरज नाही. एक इन्सुलिन समजून घेतलं तरी पुढचं बरंचसं उलगडतं, कारण व्यायामाचा सर्वांत थेट परिणाम तिथेच दिसतो.

२. पाळी गेल्यापासून पोट सुटलं. खाणं तेवढंच आहे. हे हार्मोन्समुळेच ना?

बऱ्याच अंशी हो. इस्ट्रोजेन असतं तोवर बाईच्या अंगावरची चरबी मांड्या आणि नितंबांभोवती जमा होते. ते कमी झालं की चरबी पोटाच्या आत, यकृत आणि आतड्यांभोवती साठू लागते. ही आतली चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. भारतात पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत ५१च्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या बायकांना हा बदल लवकर गाठतो.

पण सगळा दोष पाळीवर टाकू नका. त्याच वयात स्नायू घटत असतात, झोप तुटत असते आणि धावपळ कमी झालेली असते. इस्ट्रोजेन परत आणणं आपल्या हातात नाही. स्नायू मात्र कोणत्याही वयात परत बांधता येतात, आणि या पानावरची बहुतेक उत्तरं अखेर तिथेच येऊन पोचतात.

३. व्यायामाने शुगर उतरते म्हणतात. आत नेमकं काय होतं?

जेवणानंतर इन्सुलिनच्या सांगण्यावरून रक्तातली जी साखर उचलली जाते, तिचा मोठा वाटा स्नायूंत जातो. स्नायूंच्या पेशींत साखर आत घेणारी वाहक प्रथिनं असतात, त्यांना ग्लुट-४ म्हणतात. एरवी ती पेशीच्या आत असतात आणि इन्सुलिन आलं की पृष्ठभागावर येतात. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरात हा टप्पाच मंदावतो.

स्नायू आकुंचन पावला की हीच वाहक प्रथिनं इन्सुलिनची वाट न बघता वर येतात. ही वाट वेगळी आहे, आणि मधुमेह असलेल्या बाईतही ती शाबूत असते. म्हणून ‘माझं इन्सुलिन काम करत नाही’ असं ज्या बाईला सांगितलेलं असतं, तिची शुगरही चालल्यावर उतरते. शिवाय व्यायाम संपल्यानंतर साधारण एक ते दोन दिवस स्नायू इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतात. त्यानंतर तो परिणाम ओसरतो. रविवारी दोन तास चालून आठवडाभर बसून राहण्याचा फायदा कमी होतो तो यामुळे. सलग दोन दिवस खाडा होऊ नये, इतकं पाळा.

४. मी पहाटेपासून रात्रीपर्यंत घरकाम करते. मला वेगळ्या व्यायामाची काय गरज?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि तो विचारणाऱ्या बाईच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. विहिरीचं पाणी ओढणं, जात्यावर दळणं, धुणं आपटणं, शेतात निंदणी करणं हा खराखुरा व्यायामच आहे, आणि आजही ज्या बायका हे करतात त्यांचे स्नायू त्याची साक्ष देतात. पण शहरातल्या ओट्याजवळचं काम वेगळं. त्यात उभं राहणं पुष्कळ, श्वास वाढवणारं काम थोडं. पाय दुखतात, पाठ अवघडते, थकवा येतो, तरी हृदयाला आणि मांड्यांच्या मोठ्या स्नायूंना हवा तो ताण मिळत नाही.

ओळखायचं कसं? काम करताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका श्वास वाढला तर ते मध्यम तीव्रतेचं. फरशी जोर लावून पुसणं, बादल्या घेऊन जिना चढणं यात बसतं. भाजी चिरणं, कपड्यांच्या घड्या यात बसत नाहीत. घरकामाने एक फायदा मात्र नक्की होतो, तो म्हणजे सलग बसणं मोडतं. तो सोडू नका. दुपारी मालिका बघताना दर अर्ध्या तासाने उठून दोन-तीन मिनिटं घरात फिरा.

५. रोज १० हजार पावलं चालायलाच हवीत का?

नाही. हा आकडा १९६५मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. तो कुठल्या वैद्यकीय चाचणीतून आलेला नाही. २०१९मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १६,७०० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि ७,५००च्या पुढे आणखी फायदा दिसला नाही. हा निरीक्षणातून केलेला अभ्यास होता, तरी दिशा स्पष्ट आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किमान २ दिवस ताकदीचा व्यायाम आणि ६५च्या पुढे ३ दिवस तोल सांभाळण्याचा सराव सांगितला आहे. आज २,००० पावलं होत असतील तर पुढच्या पंधरवड्यात २,५०० करा. आकड्यासाठी रात्री दहाला अंगणात फेऱ्या घालत बसण्यापेक्षा वेळेवर झोपलेलं बरं.

६. जेवणाआधी चालावं की नंतर? शतपावली पुरते का?

शुगरसाठी म्हणाल तर जेवणानंतर. जेवल्यावर साखर वाढू लागते तेव्हाच स्नायू काम करत असले की ती तिथल्या तिथे वापरली जाते. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकन चाचणीत मधुमेहाचा धोका असलेल्या साठीपुढच्या लोकांना तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चालवलं. रात्रीच्या जेवणानंतरची साखर एकदम ४५ मिनिटं चालण्यापेक्षा या तुकड्यातुकड्यांच्या चालण्याने जास्त चांगली आटोक्यात राहिली. उतारवयात इन्सुलिन संध्याकाळनंतर कमी पडतं, आणि आपल्याकडे नेमकं तेव्हाच भरपेट जेवून झोपायची सवय आहे.

शंभर पावलं म्हणजे एक-दीड मिनिट. पद्धत उत्तम आहे, फक्त ती १० ते १५ मिनिटांपर्यंत वाढवा. वेग बेताचा ठेवा. छातीत जळजळ होणाऱ्यांनीही आडवं होण्यापेक्षा संथ चाललेलं चांगलं. जेवल्यावर चालताना छातीत दाटून येत असेल, दम लागत असेल, तर ते पित्त समजून सोडू नका, प्रश्न १८ पाहा.

७. आई ७८ वर्षांची आहे. या वयात वजनं उचलायची? काही झालं तर?

हो, उचलायची, आणि या पानावरचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं उत्तर हेच आहे.

१९९०मध्ये बॉस्टनमधल्या मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या १० दुर्बळ रहिवाशांना आठ आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. त्या वयातही स्नायू प्रतिसाद देतो, हे तेव्हापासून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. स्नायू वाढला की साखर साठवायला जागा वाढते. म्हणजे प्रश्न ३मध्ये सांगितलेलं यंत्रच मोठं होतं.

सुरुवात घरातच करा. भिंतीला टेकवलेली, हात असलेली पक्की खुर्ची घ्या. हात छातीवर बांधून खुर्चीतून उठायचं, बसायचं. जमत नसेल तर आधी हातांचा आधार घेऊन. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९च्या निकषांनुसार पाच वेळा उठबस करायला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर स्नायूंचं काम कमी पडतंय असं धरतात. ८ ते १० वेळा उठबस, मग विश्रांती, मग पुन्हा एकदा. त्यानंतर ओटा धरून टाचा उचलणं, भिंतीला हात लावून उभ्याने जोर काढणं, आणि अर्धा किलोच्या पाण्याच्या बाटल्या दोन हातांत घेऊन कोपरातून वाकवणं. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी.

दोन गोष्टी पाळाव्यात. श्वास रोखू नये, उचलताना सोडावा, नाहीतर बीपी उसळतं. आणि सोपं वाटू लागलं की वाढवावं. पाच वर्षं त्याच अर्धा किलोच्या बाटल्या उचलल्या तर स्नायूला वाढायचं कारण उरत नाही.

८. मी रोज योगासनं आणि प्राणायाम करते. ते पुरतं का?

लवचीकपणा, तोल, झोप आणि मनाची शांतता यांसाठी योग उत्तमच. पण शुगरसाठी आणि ताकदीसाठी कोणती आसनं आणि किती जोमाने, यावर सगळं अवलंबून आहे. उत्कटासन, वीरभद्रासन, धरून ठेवलेलं सेतुबंधासन यांत मांड्या खरंच काम करतात. नुसत्या ताणण्याने तेवढं होत नाही. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये ५० ते ७५ वयाच्या, पाळी गेलेल्या १७३ वजनदार स्त्रियांची वर्षभर चाचणी झाली. एका गटाला मध्यम वेगाचा व्यायाम, दुसऱ्याला फक्त स्ट्रेचिंग. व्यायामाच्या गटात रक्तातलं इन्सुलिन आणि लेप्टिन उतरलं. स्ट्रेचिंगच्या गटात इन्सुलिन उलट वाढलं.

योग सोडू नका. त्याला चालणं आणि प्रश्न ७मधले व्यायाम जोडा. हाडं ठिसूळ असतील तर काही आसनं टाळावी लागतात, प्रश्न २१ पाहा.

९. स्नायू वाढायला काय खाऊ? प्रोटीन पावडर घ्यावी का?

उतारवयात स्नायू प्रथिनांना कमी दाद देतात, म्हणून गरज वाढते. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या बाईला ५५ ते ६६ ग्रॅम, असं या विषयातले तज्ज्ञ सुचवतात. आपल्याकडच्या आजीचं जेवण बघा: सकाळी चहा-बिस्किट, दुपारी पोळी-भाजी, रात्री दूधभात किंवा मऊ खिचडी. निम्मंही भरत नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम, २०० मिली दुधात ६ ते ७ ग्रॅम असतात. मटकीची उसळ, घट्ट वरण, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, दही, पनीर, मासे यांतून वाढवा आणि तिन्ही वेळांत विभागून घ्या. दात नसतील तर धिरडी आणि मऊ शिजवलेली उसळ. जेवणातून भरत असेल तर पावडर नको. किडनीचा आजार असेल तर आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

१०. नेमाने चालतेय, वजनकाटा हललाच नाही. फुकट गेलं का सगळं?

अजिबात नाही. व्यायामाने पोटाच्या आतली चरबी वजन न उतरताही कमी होते. थोडा स्नायू वाढतो, थोडी चरबी घटते आणि काटा जागेवर राहतो. इन्सुलिनचं काम सुधारतं. लेप्टिन आणि अ‍ॅडिपोनेक्टिन यांत मोठा बदल मात्र चरबी प्रत्यक्ष कमी झाल्यावरच दिसतो, त्यामुळे खाण्याकडेही बघावं लागतं.

काट्याऐवजी टेप घ्या. कंबर ८० सेंमीपेक्षा जास्त असेल तर भारतीय स्त्रीसाठी ती धोक्याची मानतात. महिन्यातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी, बेंबीच्या पातळीवर मोजा. ब्लाऊज आणि साडीची गाठही आधी सांगते. अमेरिकेतल्या मोठ्या मधुमेह प्रतिबंधक चाचणीत (२००२) आहार-व्यायामाने मधुमेहाचा धोका एकूण ५८ टक्क्यांनी घटला, आणि साठीपुढच्या गटात ७१ टक्क्यांनी. म्हणजे ‘आता या वयात काय होणार’ म्हणणाऱ्यांनाच सर्वांत जास्त लाभ झाला.

११. चालून आल्यावर जास्त भूक लागते. मग उपयोग काय?

जोमाच्या व्यायामानंतर घ्रेलिन काही काळ खाली जातं, त्यामुळे भूक उलट थोडी दबते. हळू फिरून आल्यावर तसं होत नाही. बऱ्याचदा ती तहान असते, किंवा बागेबाहेरची इडली-वड्याची गाडी. आधी पाणी किंवा ताक प्या, मग पाहा. मधुमेहाच्या गोळ्या घेत असाल आणि भुकेबरोबर थरथर, घाम असेल तर प्रश्न १६ लगेच वाचा.

१२. मी बारीक आहे, तरी शुगर बॉर्डरलाइन आली. असं कसं?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच कोड्यावर आयुष्यभर काम केलं आहे. २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्या लोकांची ठेवण आहे.

अशा बाईने वजन कमी करण्याच्या मागे लागू नये. जेवण तोडलं तर आधीच कमी असलेला स्नायू आणखी जाईल. तिच्यासाठी प्रश्न ७ आणि ९ हाच मार्ग. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के आढळलं. तेव्हा गोव्या-कोकणातल्या बारीक बायकांनीही तपासणी टाळू नये.

१३. लॅबचं ‘हार्मोन पॅकेज’ घ्यावं का? लेप्टिन, कॉर्टिसॉल, आयरिसिन वगैरे?

पैसे वाचवा. लेप्टिन, अ‍ॅडिपोनेक्टिन, घ्रेलिनचे आकडे हातात आले तरी उपचार बदलत नाहीत. कॉर्टिसॉल दिवसभर बदलत असतं, सकाळी जास्त, रात्री कमी. एका वेळच्या आकड्यावरून ‘स्ट्रेस हार्मोन वाढलंय’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. विशिष्ट आजाराची शंका असेल तर डॉक्टर ती तपासणी वेगळ्या पद्धतीने करतात. आयरिसिन हे व्यायामाने स्नायूंतून निघणारं हार्मोन म्हणून २०१२मध्ये गाजलं, पण माणसात ते किती आणि किती कामाचं यावर शास्त्रज्ञांत बरीच वर्षं वाद झाला.

उपयोगाच्या तपासण्या साध्या आहेत: उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर, तीन महिन्यांची सरासरी म्हणजे एचबीएवनसी (५.७ ते ६.४ उंबरठ्यावर, ६.५ आणि पुढे मधुमेह), कोलेस्टेरॉल, थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-१२ जीवनसत्त्वही तपासावं, कारण त्या गोळीने ते घटतं. एक खाचखळगा: लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटं वाढलेलं येऊ शकतं. आपल्याकडे रक्तक्षय इतका आहे की हे लक्षात ठेवायलाच हवं.

१४. थायरॉइडची गोळी चालू आहे. सकाळी गोळी, चहा, चालणं, क्रम काय ठेवू?

गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा ते एक तास चहा-नाश्ता टाळा. याच वेळात चालून या. परत आल्यावर चहा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर ठेवा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्ततपासणीआधी डॉक्टरांना सांगा, त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. टीएसएच बिघडलेलं असताना स्नायू दुखतात, दम लागतो. तेव्हा व्यायाम हळू ठेवा, बंद करू नका. रात्री इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी चालण्याआधी प्रश्न १६ पाहावा.

१५. चालून आल्यावर शुगर मोजली तर वाढलेली! उलटंच झालं?

जोरात चढण चढलात किंवा दमछाक होईतो व्यायाम केलात तर अ‍ॅड्रेनलिन आणि ग्लुकागॉन यकृतातली साखर बाहेर काढतात. तास-दोन तासांत ती उतरते. पहाटे काही न खाता मोजली तर पहाटेच्या कॉर्टिसॉलचाही हात असतो. एका आकड्याने घाबरू नका, आठवडाभराचा कल पाहा. पण मुळातच शुगर २५०च्या वर असेल आणि उलटी, पोटदुखी, खूप तहान, ग्लानी असं काही असेल तर व्यायाम नको, थेट दवाखाना.

१६. गोळ्या किंवा इन्सुलिन घेताना व्यायामात शुगर एकदम उतरली तर?

धोका मुख्यतः इन्सुलिनने आणि ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइड या जातीच्या गोळ्यांनी असतो. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा नसतो. थरथर, घाम, धडधड, गोंधळ, विनाकारण चिडचिड ही लक्षणं. ७०च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या, मग थोडं खायला द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या.

आता अपवाद, आणि ते नीट वाचा. पहिला, वोग्लिबोज किंवा अकार्बोज ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर घरातली साखर हळू पचते, अशा वेळी ग्लुकोज पावडरच हवी. ती पिशवीत ठेवा. दुसरा, बीपी-हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी असेल तर थरथर आणि धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. दरदरून घाम आला की शुगर मोजा. तिसरा, चालायला निघण्याआधी मांडीत इन्सुलिन टोचू नका, ते लवकर शोषलं जातं. चौथा, संध्याकाळी नेहमीपेक्षा खूप जास्त चाललात तर शुगर मध्यरात्री उतरू शकते, म्हणून झोपण्याआधी मोजा.

१७. एकादशीला व्यायाम करावा का? आणि वारीला जायचं असेल तर?

साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा खाऊन उपवास असेल तर शुगर चढते, तेव्हा चालणं उलट हवंच. निरंकार उपवास असेल तर हलकंच ठेवा, आणि त्या दिवशीच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधी विचारा.

आळंदी ते पंढरपूर ही सुमारे २५० किलोमीटरची वाट सत्तरीतल्या बायका डोक्यावर तुळस घेऊन चालतात. त्यांच्याइतकं चालणं शहरातल्या तरुणांनाही जमत नाही. पण रोज इतकं चालल्यावर शुगरची नेहमीची गोळी जास्त होऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी असेल तर उन्हात, कमी पाण्यात आणि उपवासात ती त्रासदायक ठरू शकते. निघण्याआधी महिनाभर डॉक्टरांशी बोला. पायांना बधिरपणा असेल तर अनवाणी चालू नका, रोज रात्री तळपाय कुणाला तरी दाखवा. फोड कळलाच नाही आणि जखम चिघळली, हे टाळता येण्याजोगं दुःख आहे.

१८. सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं का?

साधं चालणं वाढवायला नाही. पण हृदयविकार, अनियंत्रित बीपी, नुकतंच ऑपरेशन, वारंवार तोल जाणं, किंवा डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम असेल तर आधी विचारा. पडद्यातल्या नव्या नाजूक रक्तवाहिन्यांवर श्वास रोखून जोर लावल्याने किंवा डोकं खाली केल्याने रक्तस्राव होऊ शकतो. बायकांना हृदयाचा त्रास नेहमी छातीत कळ येऊनच होतो असं नाही. जबडा, पाठ, खांदा दुखणं, एकाएकी दम आणि न ओळखीचा थकवा हीसुद्धा लक्षणं आहेत. थांबा आणि लगेच दाखवा.

१९. गुडघे दुखतात. चालू कशी?

मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. खुर्चीत बसून पाय सरळ करून पाच मोजेपर्यंत धरा, आलटून पालटून १० वेळा. सपाट वाटेवर थोडं थोडं, दिवसातून तीनदा चाला. थोडं दुखणं चालेल. दुसऱ्या दिवशी सूज आली किंवा दुखणं वाढलं तर प्रमाण निम्मं करा. स्थिर सायकल आणि पाण्यात चालणंही चांगलं.

२०. चालताना, शिंकताना लघवी सुटते. म्हणून बाहेर पडणंच सोडलंय.

हा प्रश्न बहुतेकजणी दबक्या आवाजात विचारतात, आणि कित्येकींचा व्यायाम याचमुळे बंद पडतो. लाजू नका, यावर उपाय आहे. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते ५ ते १० सेकंद आवळून सोडायचे, १० वेळा, दिवसातून तीनदा. तीन महिने नेमाने करावं लागतं. दरम्यान पॅड लावून चाला. उठबस करताना आधी ते स्नायू आवळा, मग उठा. रक्त, आग, अंग बाहेर येणं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. शुगर वाढल्यानेही लघवी जास्त होते, तेही तपासा.

२१. डेक्सामध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, हाडं ठिसूळ निघाली. मग व्यायाम धोक्याचा नाही का?

न हलणं जास्त धोक्याचं. चालणं, उठबस, हलकी वजनं हाडांना लागतात. पोहण्याने हृदयाला फायदा होतो, हाडांना फारसा नाही. टाळायचं ते पाठीतून पुढे वाकणं: पश्चिमोत्तानासन, हलासन, पोटासाठी उठून बसणं, वाकून जड बादली उचलणं. यांत मणका दबू शकतो. पाठ मागे ताठ करणारे हलके व्यायाम चालतात. ओटा धरून एका पायावर उभं राहायचा सराव रोज करा.

२२. ब्रेस्ट कॅन्सरचे उपचार झालेत, हार्मोन बंद करणारी गोळी चालू आहे. व्यायामाने हार्मोन्स वाढणार नाहीत ना?

नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होतं. प्रश्न ८मधल्या सिएटलच्या चाचणीत ज्या बायकांची चरबी कमी झाली त्यांचं इस्ट्रोजेन घटलं. त्या गोळीने सांधे दुखतात, आणि ताकदीचा व्यायाम व चालणं यांनी ते दुखणं कमी होतं असं दिसलं आहे. हाताला सूज असेल तर वजनं फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, अगदी हलक्यापासून वाढवा.

२३. वजन कमी करायची इंजेक्शनं घेतेय. आता व्यायाम नसला तरी चालेल?

सेमाग्लुटाइडसारखी औषधं जीएलपी-१ची नक्कल करतात आणि भूक कमी करतात. पण जे वजन उतरतं त्यात चरबीबरोबर स्नायूही जातो. पासष्टीच्या बाईला तो परवडत नाही. म्हणून या काळात ताकदीचा व्यायाम आणि प्रथिनं एरवीपेक्षा जास्त गरजेची आहेत. भूकच नसते, तेव्हा ताटातलं वरण-उसळ आधी खा, भात-पोळी नंतर.

२४. सासूबाई हिवाळ्यात आमच्याकडे टोरांटोला असतात. बर्फात बाहेर कशा पडणार?

मॉलमध्ये सकाळी चालता येतं. घरात जेवणानंतर १५ मिनिटं फेऱ्या, कठडा धरून जिना, आणि प्रश्न ७मधले व्यायाम. त्या हिवाळ्यात ऊन त्वचेला पुरत नाही, म्हणून ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारा. घरात पायमोज्यांवर चालू देऊ नका, लाकडी फरशीवर पाय घसरतात. खरी अडचण बहुधा एकटेपणाची असते. व्हिडिओ कॉलवर पुण्यातल्या बहिणीबरोबर एकाच वेळी व्यायाम करणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांचा खाडा कमी होतो.

२५. डेंग्यूने पंधरा दिवस अंथरुणावर होते. पुन्हा पहिल्यापासून?

एका प्रयोगात निरोगी ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणात ठेवलं तेव्हा पायांतला सुमारे १ किलो स्नायू गेला. त्यातच इन्सुलिनचं कामही मंदावतं, म्हणून आजारपणानंतर शुगर वाढलेली दिसते. ताप उतरून दोन-तीन दिवस झाले, चक्कर येत नाही, डॉक्टरांनी हिंडायला सांगितलं की अंथरुणाच्या कडेवर बसून पाय उचलण्यापासून सुरुवात करा. मग खोलीत चालणं, मग खुर्चीची उठबस, आधी चालत होतात त्याच्या निम्म्यापासून. पहिले काही दिवस घरातलं कोणीतरी शेजारी असू द्या. पूर्वीच्या ताकदीवर यायला पडून राहिलेल्या दिवसांपेक्षा जास्त दिवस लागतात, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. दूध, अंडं, वरण याच काळात कमी करू नका. आणि पुढच्या वेळी आजारी पडलात तर परवानगी असेल तिथवर पलंगावरच घोटे हलवणं, दिवसातून काही वेळा उठून बसणं चालू ठेवा.